बायबलबाई सही करायच्या आधी

सुमनबाईला सरपंचपदावरून काढून टाकलं. ईस्टरच्या आधीचा तो झावळ्यांचा रविवार, त्यानंतरचा सोमवार, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं, आमच्या ग्रामपंचायतीची पुढची खोली. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात बघून तळहातावर लिहून घेतली, कारण आमचं गाव मला चांगलं माहीत आहे. उद्या म्हणेल, तसं काही झालंच नव्हतं, बाई आपणच राजीनामा देऊन गेल्या. गेल्या नाहीत. काढलं. तिनं शिक्का, शाईचा पॅड आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, पदरानं टेबलाची कड पुसली आणि बाहेर येऊन चपला शोधू लागली. चपला कुणीतरी पायानं लांब सारल्या होत्या. हे पाहणारी माणसं खोलीत आणि ओट्यावर मिळून वीसेक होती. त्यातल्या एकानंही तिच्या चपला आणून दिल्या नाहीत. मी दिल्या, पण मीही उशिराच.

गाव तिला सुमनबाई म्हणत नव्हतं. बायबलबाई म्हणायचं. मुरुडच्या बाजारात कुणी विचारलं, तुमची सरपंच कोण, तर आमची माणसं बायबलबाई म्हणत आणि मग हसत. हसण्याचं कारण तिची सही. कागद कसलाही असो, रहिवासी दाखला असो की तहसीलचं पत्र, बाई तो समोर ठेवायची, पेनाचं टोपण काढायची आणि डोळे मिटायची. ओठ हलायचे नाहीत, हात जोडलेले नसायचे. नुसती बसायची. फोडणीला टाकलेल्या भाजीला वाफ येईपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. मग डोळे उघडून सही करायची, नाहीतर टोपण परत लावायची. टोपण लावलं म्हणजे कागद परत. ग्रामसेवक भाऊसाहेब या प्रकाराला वैतागले होते. एकदा ते म्हणाले, "बाई, लागली का रेंज वरची?" बाईनं डोळे न उघडता सांगितलं, "लागली व्हती भाऊसाहेब. तुमी बोललाव आन् गेली. आता पुन्यांदा लावते."

ती मूळची किनवटकडची. तिची आई तिकडच्या एका मिशनच्या वसतिगृहात भाकरी थापायला होती आणि बाई त्या चुलीपुढं वाढली. शाळेत नाव नव्हतंच. अक्षरं शिकली ती प्रार्थनेच्या वेळी मुलींच्या मागच्या रांगेत बसून, मोठ्या टायपातल्या बायबलवर. लग्न होऊन आमच्या गावच्या मातंग वस्तीत आली, नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. वस्तीत ख्रिस्ती घरं सगळी मिळून तीन. मोलमजुरी करून आली की संध्याकाळी ती आजारी बाईमाणसापाशी जाऊन बसायची, ऐकणारीला चालत असेल तर वचन वाचून दाखवायची. जुन्या काळी मिशनमध्ये अशा बायका पगारावर नेमलेल्या असत, त्यांना बायबलबाई म्हणत. हिला कुणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता. नाव तेवढं चिकटलं आणि तीस वर्षं राहिलं.

आमच्या बौद्ध वस्तीतही ती यायची. माझी आजी दारातूनच सांगायची, "सुमन, तुझं वचन नको, तू बस तेवढी." ती बसायची. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा मी लातूरला क्लासच्या गर्दीत बारावीची पुस्तकं घोकत होते. आजीला रोज अंघोळ कोण घालतं हा प्रश्नच मला पडला नाही. आजी गेल्यावर कळलं, वर्षभर बायबलबाई घालत होती. मी आभार मानायला गेले तर म्हणाली, "तुजी आजी लई शिव्या द्यायची गं पानी गार लागलं की. करमत न्हाई आता."

तिच्या चुलीशेजारी वनस्पती तुपाचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. स्वयंपाकाला तांदूळ काढो, डाळ काढो, पहिली मूठ त्या डब्यात पडायची. ख्रिस्ती बायकांची ही जुनी रीत आहे. मूठ देवाची, ती आठवड्याला मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, नेऊन द्यायची. बाईनं ती रीत अर्धीच पाळली. मूठ काढायची, पण डबा मंडळीत जायचा नाही. ज्या घरात बाळंतीण असेल, मयत झालेलं असेल, हातपाय मोडलेलं माणूस असेल, तिथं जायचा. डाळ-तांदूळ एकत्रच असल्यामुळं त्याची खिचडीच व्हायची, आणि वस्तीत कुणाच्या घरी लागोपाठ खिचडी शिजली की माणसं ओळखायची, डबा हिकडं आलाय. पाळकांनी, त्यांच्या धर्मगुरूंनी, एकदा तिला टोकलं. तिच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या कौसाबाईचा तेव्हा पाय मोडला होता. बाई म्हणाली, "देव मंडळीत जेवाय येत न्हाई, पाळकसाहेब. सध्याला तो कौसाच्या घरी हाय, लंगडून राहिलाय." कौसाबाई मरीआईची भक्त. तीन महिने त्या डब्यावर जेवली आणि पाय बरा झाल्यावर पहिली मरीआईला जाऊन नारळ फोडून आली. बाईनं त्यातला प्रसादाचा तुकडा मागून खाल्ला.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं या डब्यावर आरोप झाला. त्या डब्यातलं खाऊन तीस वर्षांत एक माणूस ख्रिस्ती झाला नाही. तिचा सख्खा दीरसुद्धा नाही.

मग आमचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव सुटलं आणि जमीनवाली मंडळी अण्णांच्या ओसरीवर बसली. अण्णा म्हणजे आमच्या गावचे नेहमीचे उपसरपंच. सरपंच कोण, हे ओसरीवर ठरतं आणि मग मतदान होतं. बायबलबाईचं नाव अण्णांनीच काढलं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, शिवाय डोळे तर ती मिटतेच, असं ते म्हणाले आणि ओसरी पोट धरून हसली. तिचा जातीचा दाखला अण्णांनीच तिच्या वडिलांच्या जुन्या कागदावरून काढून आणला. त्यावर हिंदू मांग असं लिहिलेलं होतं. ती ख्रिस्ती आहे हे अण्णांना माहीत नव्हतं असं म्हणणाऱ्यानं आधी तिचं टोपणनाव उच्चारून दाखवावं.

तिची प्रचाराची पत्रकं मी लिहिली. लातूरला विद्यार्थी संघटनेत मी दुसरं काही केलेलंच नाही: वसतिगृहाचं पाणी, परीक्षेची फी, बंद पडलेली एसटी, दर आठवड्याला एक पत्रक. बाई मला पत्रकवाली म्हणायची. आमच्या वस्तीची मतं तिला एकगठ्ठा पडली, ती माझ्या पत्रकामुळं नव्हे, आजीच्या अंघोळींमुळं.

निवडून आल्यावर तिला उपकारस्तुती करायची होती. ख्रिस्ती घरात काही चांगलं झालं, बाळंतीण सुटली, घरावर पत्रे चढले, की देवाचे आभार मानायला भक्ती ठेवतात आणि येईल त्याला जेवू घालतात. बाई म्हणत होती, मी घरोघर जाऊन तोंडानंच बोलावते. मी ऐकलं नाही. म्हटलं, बाई, तू आता सरपंच आहेस, छापील पाहिजे. तेव्हा ती जे म्हणाली ते मला जसंच्या तसं आठवतं. "लोकांनी केलं असं लिव, माय. त्याचं त्याला मालूम हाय." मी तसं लिहिलं नाही. चर्चची माणसं येणार, त्यांच्या काळजाला भिडेल असं वाक्य हवं, असं मला वाटलं. मी लिहिलं, "प्रभूने आमच्या भगिनीस सरपंचपदावर बसविले, त्याबद्दल उपकारस्तुतीची भक्ती व भोजन." लातूरला छापून आणलं आणि वाटलं. अण्णांच्या घरची प्रत मी माझ्या हातानं दिली.

त्या दिवशी अख्खं गाव जेवलं. अण्णा पहिल्या पंगतीला होते, वाढायला कौसाबाई होती. पाळकांनी प्रार्थना म्हटली तेव्हा अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नंतर मोठ्यानं म्हणाले, देव सगळे एकच. बाईनं त्यांच्या पानात भात वाढत सांगितलं, "एकच हाय अण्णा, म्हनून तर त्याला सारखं इचारावं लागतंय."

सरपंच म्हणून ती कशी होती, हे कुणी मला नीट विचारलेलं नाही. सरकारी परिपत्रक ती बायबलसारखं वाचायची. शब्दाखाली बोट, आवाज सावकाश चढलेला, पूर्णविरामाला थांबणं. घरकुलाच्या यादीच्या शेवटी एकदा सवयीनं आमेन म्हणून गेली. मागं बसलेली पोरंही आमेन म्हणाली आणि सभा हसत सुटली. तीही हसली. ज्यांची नावं यादीत होती त्यांनी मात्र ते मनापासून म्हटलं असणार.

वस्तीच्या नळयोजनेची कोनशिला आली ती संगमरवरी होती. वर तिचं नाव, खाली अण्णांचं. बाईनं ती वाचली, डोळे मिटले आणि गवंड्याला म्हणाली, हिला नळापाशी पालथी घाल, बायांना धुणं धुवायला चांगला दगड नाही. मी चिडले. मी तिला सांगितलं, बाई, पुढच्या निवडणुकीला लोकांना दिसायला पाहिजे तुझं काम. ती म्हणाली, "देनाऱ्यानं नाव सांगितलं की दिल्यालं फिटलं, माय." तिला हे कळलं नाही, की तिनं स्वतःबरोबर अण्णांचंही नाव पालथं घातलं होतं. किंवा कळलं असेल. तिच्या बाबतीत मला कधी खात्रीनं सांगता आलं नाही.

मग गटाराचा कागद आला. वस्तीतून जाणारं गटार पूर्ण झाल्याचा दाखला, फक्त सरपंचाची सही बाकी. ठेकेदार अण्णांचा भाचा. बाई कागद घेऊन गटाराच्या कडेनं चालत गेली. शेवटच्या चार घरांच्या अलीकडं गटार संपलं होतं आणि सगळं पाणी कौसाबाईच्या दारात साचलेलं होतं. ती परत आली, बसली, डोळे मिटले, टोपण लावलं. असा तो कागद तीनदा आला आणि तीनदा गेला. तिसऱ्या वेळी अण्णा स्वतः घेऊन आले. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, बाई, तुम्हाला इथं कुणी बसवलं ते विसरू नका. बाई म्हणाली, "न्हाई इसरले. म्हनून तर डोळे मिटते."

त्यानंतर महिन्याभरात गावाला शोध लागला, की बायबलबाई ख्रिस्ती आहे. तीस वर्षं ज्या नावानं हाक मारली ते नाव एका सकाळी गावाला धक्का देऊन गेलं. तक्रारअर्ज तयार झाला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, ही बाई ख्रिस्ती असून अनुसूचित जातीच्या जागेवर खोट्या दाखल्यानं निवडून आली. दुसरी, ती धान्य वाटून गोरगरिबांचा धर्म बदलते. खाली सह्या आणि अंगठे, तीन पानं भरून. पहिल्या पंगतीला जेवलेले, दुसऱ्या पंगतीला जेवलेले. तिसऱ्या पानावर कौसाबाईचा अंगठा. तिचा पोरगा अण्णांचा ट्रॅक्टर चालवतो.

आता इथं मी माझं म्हणणं मांडते, नंतर मांडणार नाही. माझ्या पणजोबांनी छप्पन्न साली धर्म बदलला, बौद्ध झाले. माझा जातीचा दाखला शाबूत आहे. तो तसा राहावा म्हणून आधीच्या लोकांना कित्येक वर्षं भांडावं लागलं, ते भांडले म्हणून मी लातूरला शिकले. अनुसूचित जातीच्या दाखल्याला हिंदू चालतो, शीख चालतो, बौद्ध चालतो. ख्रिस्ती झालं की जात गेली असं धरतात. मी विचारते, गेली म्हणजे कुठं गेली? अण्णांच्या ओसरीवर बायबलबाईचा चहाचा कप वेगळा होता, खिडकीत पालथा ठेवलेला. सरपंच झाल्यावरही तोच होता.

जातीच्या दाखल्याच्या पडताळणीची माणसं घरी चौकशीला येणार असं कळलं तेव्हा मी डोकं चालवलं. आम्ही लावलेल्या वकिलांनीही सुचवलं होतं, घरात देवाबिवाचं काही दिसू द्या. मी कौसाबाईकडून तुळजाभवानीची तसबीर मागून आणली. तिनं दिली, अंगठा देऊन बसल्यामुळं मान खाली घालून दिली, पण दिली. मी ती बाईच्या भिंतीवर टांगली. बाई नको म्हणत होती, मी पायाच पडले, तेव्हा गप्प बसली. माणसं आली. चांगली होती, चहा प्याली, घरभर नजर फिरवली. एकानं तसबिरीकडं बघून सहज विचारलं, ही कधीपासून आहे घरात? बाईनं चहाचे कप उचलता उचलता सांगितलं, "सकाळपासून. शेजारच्या कौसाबाईची हाय, सांजच्याला वापस द्यायची हाय. खिळा तेवढा माजा."

साहेबसुद्धा हसले. मी हसले नाही.

सुनावणी लातूरला झाली. वरच्या मजल्यावर लांब टेबल, टेबलामागं पडताळणी समितीचे साहेब, समोर बाई आणि दोन्हीकडचे वकील. मी मागच्या बाकावर. आमच्या वकिलांनी ऐन वेळी एक पत्र काढलं आणि वाचलं. ते पाळकांचं होतं. सदर महिलेचे नाव आमच्या मंडळीच्या यादीत नाही, असं त्यात होतं. बाईला वाचवायचं म्हणून पाळकांनी आदल्या आठवड्यात वहीतल्या तिच्या नावावर लाल रेघ मारली होती, आणि हे मला माहीत होतं, तिला नव्हतं.

तिनं वकिलांना हळूच विचारलं, माझं नाव नाही? वकिलांनी डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही ख्रिस्ती आहात का?"

तिनं डोळे मिटले. तिथं कुणाला तिची सवय माहीत नव्हती. कारकुनाला वाटलं चक्कर आली, तो पाणी आणायला उठला. मी मागून मनात घोकत होते, नाही म्हण, एकदा नाही म्हण. पाणी येईपर्यंत ती तशीच होती. मग डोळे उघडून म्हणाली, "हाव. कागद चुकीचा हाय साहेब. म्या हाय त्या यादीत."

साहेब म्हणाले, मग जात राहत नाही, बाई. ती म्हणाली, "म्या सोडली व्हती साहेब. तिनं मला सोडलं न्हाई. तुमी अण्णाला इचारा, माजा कप कुठं असतोय."

हे त्यांनी लिहून घेतलं की नाही मला माहीत नाही. अण्णांच्या वकिलांनी तोवर ते पत्रक पुढं केलं होतं. प्रभूने आमच्या भगिनीस सरपंचपदावर बसविले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, हे कुणी लिहिलं? मी मागच्या बाकावर बसले होते. हात वर करायला काही लागत नाही. बाईनं मागं वळून पाहिलं नाही. "म्या सांगितलं, तसं लिवलं," ती म्हणाली. अख्ख्या प्रकरणात ती एकदाच खोटं बोलली, आणि ते माझ्यासाठी.

बाहेर एसटीत बसल्यावर मी काही बोलायला गेले. ती म्हणाली, खिडकी लाव, डोक्याला वारं लागतंय.

निकाल लागायला दोन महिने गेले. तोवर ती रोज पंचायतीत जात होती, दाखले देत होती, डोळे मिटत होती. रविवारी चर्चलाही जायची, पण मागच्या दारापाशी बसायची. पाळकांना तिनं एकदाच सांगितलं, रेघ पुसा. पाळक चांगला माणूस आहे, पण भित्रा आहे. आता नाव परत लिहिलं तर आधीचं पत्र खोटं ठरेल, सरकारी कागद आहे, मी अडकेन, असं म्हणाले. झावळ्यांच्या रविवारी सगळ्यांच्या हातात झावळ्या होत्या, लेकरं गाणी म्हणत गल्लीतून फिरली. बाईनं झावळी घेतली नाही. तिला विचारलं तर म्हणाली, यादीतल्यांना पुरू दे. दुसऱ्या दिवशी दाखला रद्द झाल्याचा कागद आला, आणि अकरा चाळीसला काय झालं ते वर सांगितलंच आहे.

आता ती लातूरला मुलीकडं असते. क्लासच्या पोरांच्या एका मेसमध्ये चपात्या लाटते. पंचायतीत सरपंचांच्या नावांचा जो फळा आहे, त्यावरच्या तिच्या ओळीवरून पांढरा रंग फिरवलाय. चर्चच्या वहीत लाल रेघ आहे. गावात तिचं नाव आता एकाच ठिकाणी आहे, नळापाशी पालथ्या दगडाखाली, आणि त्यावर रोज धुणं आपटलं जातं. गटार आहे तिथंच संपतं. नव्या सरपंचानं पहिल्याच दिवशी सही केली.

वकील म्हणाले, हायकोर्टात जाऊन बघू, पण आशा धरू नका. मी कागद घेऊन मेसवर गेले. दुपारची वेळ, दोन पंगती होऊन गेलेल्या. तिनं पीठ लागलेले हात लुगड्याला पुसले, पेन घेतलं, टोपण काढलं आणि मी दाखवलेल्या जागी सरळ सही केली. एका कागदावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. डोळे उघडेच. मी विचारलं, "बाई, डोळे?" ती म्हणाली, "ज्या दस्कतीनं काही व्हतंय, तिच्या आधी इचारायचं असतंय. ही तुज्या समाधानाची. हिला त्याला कशाला तरास."

मी चुलीशेजारी डबा शोधत होते, ते तिच्या लक्षात आलं. म्हणाली, हितं धान्य मालकाचं, मूठ कशातली काढू? आणि पुन्हा लाटायला बसली. मी जाताना तिनं मला, माय, नीट जा, असंही म्हटलं नाही. आधी नेहमी म्हणायची.

खुर्ची परत मिळणार नाही, हे मला कळतं. कायदा आहे तो आहे. ती ख्रिस्ती आहे, हे खरं होतं आणि ते तिनं स्वतः सांगितलं. पण तक्रारीतली दुसरी गोष्ट खोटी होती. डब्यातलं धान्य देऊन तिनं कुणाचाही धर्म बदलला नाही, आणि त्या खोट्याखाली तुमची सही आहे. मी एकच वाक्याचं शपथपत्र तयार ठेवलंय: "मी सुमनबाईच्या घरचं खाल्लं आणि माझा धर्म होता तोच आहे." येत्या मंगळवारी, बाजारच्या दिवशी, सकाळी दहापासून मी मुरुडच्या एसटी स्टँडवर कागद घेऊन उभी आहे. मागचे चार मंगळवारही उभी होते. कुणी आलं नाही.

ज्यांच्या सह्या हव्यात त्यांच्यात पहिलं नाव कौसामावशीचं आहे. तिला वाचता येत नाही. म्हणून हे पत्रक आत्ता ज्याच्या हातात आहे त्यालाच सांगते. उठ, तिच्या दारातलं पाणी ओलांडून आत जा आणि हे तिला वाचून दाखव. मंगळवारी तिला घेऊन ये. आणि नुसता सोबतीला येऊ नकोस. त्या दिवशी तूही जेवला होतास, तुझीही सही लागेल.